दाखल्यांची नोंदवही बाइटांत उतरवताना

प्रमाणपत्रे देणाऱ्या एका संस्थेसाठी मी सॉलिडिटी या भाषेत एक स्मार्ट काँट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम) लिहिले होते. मूळ कागद आयपीएफएस या विकेंद्रित फाइल-साठ्यावर राहावा आणि साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, केवळ त्या कागदाची ओळख, शीर्षक, देणाऱ्याच्या खात्याचा पत्ता, वेळ, प्रकार आणि रद्द झाल्याची खूण एवढेच असावे, अशी त्याची रचना होती. पहिल्या आवृत्तीत जे मजकुरासारखे दिसत होते ते सगळे मी स्ट्रिंग (कितीही लांबीचा मजकूर) म्हणून घोषित केले आणि जे संख्येसारखे दिसत होते ते सगळे युइंट२५६ (ऋण नसलेली २५६ बिटांची पूर्ण संख्या) म्हणून. काँट्रॅक्ट चालत होते, टेस्टही हिरव्या होत्या. परंतु एका नोंदीला लागणारा गॅस, म्हणजे साखळीवरच्या कामाचा खर्च मोजण्याचे एकक, पाहिल्यावर मला ते पुन्हा लिहायला घ्यावे लागले. हे काम दोन दिवसांत उरकेल असे मी धरले होते. प्रत्यक्षात त्याला तीन आठवडे लागले, कारण प्रकार बदलणे म्हणजे केवळ आकार कमी करणे नव्हे, हे मला प्रत्येक टप्प्यावर नव्याने शिकावे लागले.

सुरुवात मी हिशेबापासून केली. ईव्हीएम (काँट्रॅक्ट चालवणारी इथेरियमची आभासी मशीन) ३२ बाइटांच्या शब्दावर, म्हणजे एका वेळी हाताळायच्या तुकड्यावर, काम करते आणि तिचे स्टोरेज, म्हणजे कायमची साठवण, हेही ३२ बाइटांच्या स्लॉटांचे बनलेले असते. आधी शून्य असलेल्या स्लॉटमध्ये शून्येतर मूल्य लिहायचे तर २०,००० गॅस आणि त्या व्यवहारात त्या स्लॉटला पहिल्यांदाच हात लावल्याचे २,१०० असे २२,१०० गॅस लागतात. आयपीएफएसची जुन्या पद्धतीची ओळख ४६ अक्षरांची असते. ती स्ट्रिंग म्हणून ठेवली की एक स्लॉट लांबीसाठी आणि दोन स्लॉट मजकुरासाठी असे तीन स्लॉट जातात. ‘प्रमाणपत्र क्रमांक’ एवढ्याशा शीर्षकालाही तीनच स्लॉट लागत होते, त्याचे कारण पुढे येईलच. पत्ता, वेळ आणि प्रकार यांना एकेक स्लॉट धरला तर नऊ नवे स्लॉट होतात, म्हणजे केवळ साठवणुकीचा खर्च १,९८,९०० गॅस. रद्द झाल्याची खूण दहाव्या स्लॉटमध्ये होती, पण नोंद करताना तिचे मूल्य शून्यच असल्यामुळे तिचा भार किरकोळ होता.

स्ट्रिंग आणि बाइट्स (कितीही लांबीची बाइटांची मालिका) हे प्रकार स्टोरेजमध्ये नेमके कसे बसतात हे मी नियम वाचून समजून घेतले होते, पण त्यावर माझा विश्वास बसला तो स्लॉट कच्च्या स्वरूपात वाचून पाहिल्यावर. मजकूर ३१ बाइटांपर्यंत असेल तर तो आणि त्याची लांबी एकाच स्लॉटमध्ये मावतात: मजकूर डावीकडून भरला जातो आणि सर्वांत उजव्या बाइटमध्ये लांबीची दुप्पट लिहिली जाते. मजकूर ३२ बाइटांचा किंवा त्याहून मोठा झाला की त्या स्लॉटमध्ये फक्त लांबीची दुप्पट अधिक एक ही संख्या राहते आणि मजकूर त्या स्लॉटच्या क्रमांकाच्या केकॅक२५६ हॅशपासून (हॅश म्हणजे माहितीवरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा) सुरू होणाऱ्या स्लॉटांत जातो. म्हणजे शेवटची बिट शून्य आहे की एक, एवढ्यावरून मजकूर इथेच आहे की अन्यत्र हे ओळखता येते. मी शीर्षक म्हणून फक्त ‘प्रमाणपत्र’ हा शब्द ठेवला तेव्हा शेवटच्या बाइटमध्ये ६० दिसले, आणि ‘प्रमाणपत्र क्रमांक’ ठेवले तेव्हा संपूर्ण स्लॉटमध्ये १०५ एवढी एकच संख्या उरली. तीस बाइटांची दुप्पट साठ. बावन्न बाइटांची दुप्पट एकशे चार आणि वर एक. या निरीक्षणातून माझा एक गैरसमजही दूर झाला. लहान स्ट्रिंगऐवजी बाइट्स३२ (नेमक्या ३२ बाइटांचा प्रकार) वापरले की स्टोरेज वाचते असे मी धरून चालले होते. पण ३१ बाइटांपर्यंतची स्ट्रिंग मुळातच एका स्लॉटमध्ये बसते, त्यामुळे तिथे बचत होते ती कॉलडेटात (काँट्रॅक्टला पाठवल्या जाणाऱ्या माहितीत) आणि हाताळणीच्या सूचनांत, स्लॉटांच्या संख्येत नव्हे.

आयपीएफएसच्या ओळखीचे काम सर्वांत सरळ निघाले. ४६ अक्षरे हे केवळ माणसांसाठीचे बेस५८ रूप आहे. त्यामागे असतात ३४ बाइट: पहिला बाइट कोणती हॅश पद्धत वापरली ते सांगतो, दुसरा हॅशची लांबी सांगतो आणि उरलेले ३२ बाइट म्हणजे प्रत्यक्ष हॅश. एसएचए-२५६ साठी हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावरच्या अंकलेखनात, पहिला बाइट १२ आणि दुसरा २० असतो. हेक्समधले २० म्हणजे दशमानातले ३२. हे दोन बाइट प्रत्येक नोंदीत सारखेच असल्याने ते साखळीबाहेर काढून टाकायचे, उरलेले ३२ बाइट बाइट्स३२ मध्ये ठेवायचे आणि दाखवताना दोन्ही बाइट पुन्हा जोडायचे. तीन स्लॉटांच्या जागी एक स्लॉट आला आणि कॉलडेटातही फरक पडला, कारण डायनॅमिक, म्हणजे बदलत्या लांबीचा, प्रकार पाठवताना ३२ बाइट जागादर्शकाचे, ३२ बाइट लांबीचे आणि मजकूर ३२ च्या पटीत वाढवून असे एकंदर १२८ बाइट जात होते, तिथे आता केवळ ३२ जातात. मात्र ओळखीच्या नव्या आवृत्तीत हॅश पद्धत आणि मजकुराचा प्रकार दोन्ही बदलू शकतात. म्हणून पहिले दोन बाइट आंधळेपणाने कापण्याऐवजी ते १२ आणि २० आहेत का हे आधी तपासायचे आणि नसल्यास ती ओळख नाकारायची, असा नियम मी स्क्रिप्टमध्ये घातला. ही तपासणी केली नसती तर वेगळ्या पद्धतीचा हॅश एसएचए-२५६ म्हणून साठवला गेला असता आणि तो कागद पुन्हा कधीच सापडला नसता.

शीर्षकाच्या बाबतीत मी घाई केली. ‘प्रमाणपत्र’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा दिसतो. यूनिकोडमध्ये मात्र प, हलन्त, र, म, काना, ण, प, त, हलन्त आणि र असे त्याचे दहा संकेतांक होतात आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाइट घेतो. म्हणजे एका शब्दाला तीस बाइट लागतात. मी टेस्टमध्ये हाच शब्द वापरला होता, तो बाइट्स३२ मध्ये नीट बसला आणि मी पुढे गेले. नंतर ‘प्रमाणपत्र क्रमांक’ हे शीर्षक दिले तेव्हा तीस बाइट शब्दाचे, एकतिसावा बाइट मधल्या जागेचा आणि बत्तिसावा बाइट ‘क’ चा पहिला बाइट, एवढ्यावर मजकूर तुटला. सॉलिडिटीच्या ०.८.५ आवृत्तीपासून बाइट्सचे ठरावीक आकाराच्या प्रकारात थेट रूपांतर करता येते. मजकूर मोठा असेल तर उजवीकडचा भाग कापला जातो, लहान असेल तर उजवीकडे शून्ये भरली जातात, आणि या दोन्ही वेळी काँट्रॅक्ट रिव्हर्ट होत नाही, म्हणजे व्यवहार रद्द करून थांबत नाही. अर्धवट तुटलेला ‘क’ पडद्यावर प्रश्नचिन्हाच्या चौकटीसारखा उमटला. कुठेही चूक झाल्याची सूचना न मिळता नाव कापले जाणे ही माझ्या दृष्टीने फार गंभीर बाब आहे, कारण प्रमाणपत्रावरचा मजकूर हा कुणाच्या तरी ओळखीचा भाग असतो.

यावर मी दोन पर्याय तोलून पाहिले. बाइटांची लांबी तपासून मोठे शीर्षक नाकारणे हा पहिला. पण देवनागरीत दहा संकेतांकांची मर्यादा म्हणजे एखादाच शब्द झाला, आणि ती मर्यादा वापरणाऱ्याला समजावून सांगणेही अवघड होते. दुसरा पर्याय असा की शीर्षक स्ट्रिंगच ठेवायचे, पण ते स्टोरेजमध्ये न लिहिता इव्हेंटमध्ये, म्हणजे साखळीच्या लॉगमध्ये उमटणाऱ्या सूचनेत, द्यायचे. काँट्रॅक्टला स्वतःला शीर्षक कधीच वाचावे लागत नव्हते. ते फक्त बाहेरच्या वाचकासाठी होते. लॉगमधल्या मजकुराला बाइटमागे ८ गॅस लागतो, त्यामुळे हा मार्ग स्टोरेजच्या तुलनेत फारच स्वस्त पडतो. मी दुसरा पर्याय घेतला. त्यातही पहिल्या प्रयत्नात शीर्षकाला इंडेक्स्ड ही शोधासाठीची खूण लावण्याची चूक झाली. डायनॅमिक प्रकाराला ती लावली की टॉपिकमध्ये (लॉगच्या शोधता येणाऱ्या भागात) मजकूर जात नाही, त्याचा केकॅक२५६ हॅश जातो, आणि हॅशवरून मूळ शब्द परत मिळवता येत नाहीत. बाइट्स३२ असेल तर ते टॉपिकमध्ये जसेच्या तसे जाते. म्हणून आता नोंदीची किल्ली (जिच्यावरून नोंद शोधली जाते ती) आणि आयपीएफएसचा हॅश इंडेक्स्ड आहेत आणि शीर्षक इव्हेंटच्या साध्या मजकुरात आहे.

मजकूर बाइट्स३२ मध्ये ठेवण्याचा मोह जुना आहे. एमकेआर या टोकनचे चिन्ह स्ट्रिंगऐवजी बाइट्स३२ म्हणून परत येते, आणि ईआरसी-२० या टोकनांच्या मानकाप्रमाणे स्ट्रिंगची अपेक्षा ठेवणारा प्रोग्रॅम त्याचा पहिला ३२ बाइटांचा शब्द जागादर्शक समजून वाचू लागला की अडखळतो. आपण निवडलेला प्रकार आपल्या काँट्रॅक्टपुरता राहत नाही. त्याच्याशी बोलणाऱ्या प्रत्येकाला तो तसाच वाचावा लागतो.

त्यानंतर आला तो भाग, ज्याने माझा सर्वाधिक वेळ घेतला. जुन्या काँट्रॅक्टमधल्या नोंदी नव्यात आणायच्या होत्या. देणाऱ्याचा पत्ता जुन्या इव्हेंटमध्ये इंडेक्स्ड होता, म्हणून स्क्रिप्टने टॉपिक वाचले आणि ते ३२ बाइटांचे शब्द आहेत तसे बाइट्स३२ च्या अ‍ॅरेमधून नव्या काँट्रॅक्टला दिले. पत्ता २० बाइटांचा असल्याने मी त्या शब्दाचे आधी बाइट्स२० मध्ये आणि मग पत्त्यात रूपांतर केले. कंपायलरने तक्रार केली नाही. टेस्टही उत्तीर्ण झाली. टेस्ट नेटवर्कवर आयात झाली आणि नोंदी रद्द करण्याचा प्रयत्न केला, तर प्रत्येक वेळी ‘अधिकार नाही’ असेच उत्तर येऊ लागले.

कारण शोधण्यासाठी मी एक साठवलेला पत्ता कागदावर उतरवून काढला. त्यात आधी बारा शून्य बाइट होते आणि मग खऱ्या पत्त्याचे पहिले आठ बाइट. उरलेले बारा बाइट गायब होते. हे असे का झाले ते समजायला दोन नियम शेजारी ठेवावे लागतात. बाइट्स१ ते बाइट्स३२ हे प्रकार ३२ बाइटांच्या शब्दात डावीकडून बसतात आणि उजवीकडे शून्ये राहतात. युइंट मात्र उजवीकडे बसतो आणि डावीकडे शून्ये राहतात. पत्ता बाइटांसारखा दिसत असला तरी शब्दात तो युइंटसारखाच उजवीकडे बसतो, त्यामुळे टॉपिकमध्ये आधी बारा शून्य बाइट आणि मग पत्त्याचे वीस बाइट येतात. लहान प्रकारात रूपांतर करतानाही हाच भेद लागू होतो: बाइट्स३२ चे बाइट्स२० केले की डावीकडचे वीस बाइट टिकतात, युइंट२५६ चे युइंट१६० केले की उजवीकडचे. मी डावीकडचे वीस घेतले होते, म्हणजे बारा शून्ये आणि आठ खरे बाइट. अशा पत्त्याची, सही करण्यासाठी लागणारी खासगी किल्ली कुणाकडेही असण्याची शक्यता नाही, त्यामुळे मुख्य साखळीवर हे घडले असते तर त्या नोंदी रद्द करण्याचा अधिकार कायमचा नाहीसा झाला असता.

दुरुस्ती एका ओळीची होती: बाइट्स३२ वरून युइंट२५६, त्यावरून युइंट१६० आणि त्यावरून पत्ता. ही साखळी लांबलचक वाटते, पण तिच्यामागे विचार आहे. ०.५.० आवृत्तीपासून बाइट्सच्या आणि युइंटच्या प्रकारांत थेट रूपांतर केवळ समान आकारांमध्येच करता येते. आकार आणि बाजू दोन्ही एकाच पायरीत बदलू दिले तर कोणता भाग टिकणार हे वाचणाऱ्याला कळणार नाही. म्हणून भाषा आपल्याला आधी बाजू निवडायला लावते आणि मग आकार. माझी चूक अशी की दोन्ही मार्ग कंपाइल होतात म्हणून मी त्यांना समान मानले. टेस्टने ती चूक का पकडली नाही, हेही मला शोधावे लागले: अपेक्षित मूल्य तयार करतानाही मी तेच बाइट्स२० चे रूपांतर वापरले होते, त्यामुळे चूक चुकीशीच पडताळून पाहिली जात होती. तेव्हापासून रूपांतराच्या प्रत्येक टेस्टमधले अपेक्षित मूल्य मी हाताने, पूर्ण हेक्समध्ये लिहिते. त्याच्या जोडीला यादृच्छिक पत्ते घेऊन शब्दात भरणे आणि परत काढणे तपासणारी फझ टेस्ट फाउंड्री या टेस्टच्या साधनात लिहिली. ती एरवीच्या मांडणीत २५६ वेळा चालते, पण माझी जुनी चूक तिच्यात पहिल्याच फेरीत उघडी पडली.

नोंदीची किल्ली ठरवताना याच प्रश्नाला मी वेगळ्या दिशेने भिडले. विभागाचा कोड आणि अनुक्रमांक या दोन स्ट्रिंग एबीआय.एन्कोडपॅक्ड या फंक्शनने जोडून त्यांचा हॅश मी किल्ली म्हणून वापरत होते. एका विभागाचा कोड ‘एबी१’ आणि दुसऱ्याचा ‘एबी१२’ होता. पहिल्याची २३ वी नोंद आणि दुसऱ्याची ३ री नोंद जोडल्यावर दोन्हींचे बाइट एकसारखेच होतात, कारण पॅक्ड रूपात लांबी लिहिलीच जात नाही. दुसरी नोंद ‘आधीच अस्तित्वात आहे’ असे सांगून नाकारली गेली. एबीआय.एन्कोड वापरले असते तर लांबीही हॅशमध्ये गेली असती आणि प्रश्न सुटला असता. परंतु इथे ठरावीक आकाराचे प्रकारच मला अधिक योग्य वाटले: कोडसाठी बाइट्स८ आणि अनुक्रमांकासाठी युइंट६४. दोन्हींची रुंदी पक्की असल्याने एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांत संदिग्धता राहत नाही आणि एकूण १६ बाइटांचा हॅश काढावा लागतो. अनुक्रमांकाची संख्या करताना ‘००२३’ आणि ‘२३’ हा फरक नाहीसा होतो, हे मी संस्थेशी बोलून आधी पक्के केले. तिथे पुढच्या शून्यांना स्वतंत्र अर्थ नव्हता. तो असता तर संख्या वापरणे चूक ठरले असते.

साखळीबाहेरच्या स्क्रिप्टमध्ये मात्र किल्ली जुळेना, आणि त्याला दोन वेगवेगळी कारणे होती. पहिले असे की स्क्रिप्ट अनुक्रमांक युइंट२५६ म्हणून पॅक करत होती. पॅक्ड रूपात प्रकाराची रुंदी हीच मजकुराची रुंदी असते, त्यामुळे १६ ऐवजी ४० बाइटांचा हॅश निघत होता. दुसरे असे की कोड आठ बाइटांपर्यंत वाढवताना मी शून्ये डावीकडे भरली होती. ईथर्स या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या सहाव्या आवृत्तीत यासाठी दोन वेगळी फंक्शन्स आहेत: झीरोपॅडव्हॅल्यू डावीकडे शून्ये भरते, झीरोपॅडबाइट्स उजवीकडे. संख्येला पहिले हवे, बाइटांना दुसरे. चुकीच्या बाजूने भरलेले आठ बाइट हेसुद्धा वैध बाइट्स८ असतात, त्यामुळे काँट्रॅक्टला त्यात वावगे काही दिसत नाही. ते केवळ निराळ्या किल्लीवर जाऊन पोहोचते आणि तिथे रिकामी नोंद सापडते.

लहान संख्यांच्या बाबतीत मी आधी निर्धास्त होते, कारण ०.८.० पासून बेरीज-वजाबाकीत मर्यादा ओलांडली की व्यवहार रिव्हर्ट होतो हे मला ठाऊक होते. हे संरक्षण गणितापुरते आहे, स्पष्ट रूपांतराला ते लागू नाही. प्रकाराचा क्रमांक युइंट२५६ म्हणून घेऊन मी आत युइंट१६ करत होते. ६५,५३७ पाठवले तर निमूटपणे १ साठत होता. उपाय साधा होता. फंक्शनचा पॅरामीटरच युइंट१६ केला. मग मोठी संख्या आली तर कॉलडेटा उलगडणारा एबीआय डीकोडरच ती नाकारतो. जिथे आत रूपांतर अटळ होते तिथे मर्यादा तपासून रूपांतर करणारी ओपनझेपेलिनची सेफकास्ट लायब्ररी वापरली.

सहीच्या हाताळणीत मला मेमरीची, म्हणजे तात्पुरत्या साठवणीची, रचना नीट शिकावी लागली. नोंद रद्द करण्यासाठी देणारा साखळीबाहेर सही करतो आणि ती सही कुणीही सादर करू शकतो, अशी सोय हवी होती. सही ६५ बाइटांची असते: आर हे ३२ बाइट, एस हे ३२ बाइट आणि शेवटी व्ही हा एक बाइट. मेमरीतल्या बाइट्सचे पहिले ३२ बाइट लांबीचे असल्यामुळे असेंब्लीत (ईव्हीएमला थेट सूचना देण्याच्या भाषेत) आर वाचायला ३२ पुढे, एस वाचायला ६४ पुढे आणि व्ही साठी ९६ पुढे जावे लागते. मी तिसऱ्या ठिकाणी एमलोड ही मेमरी वाचण्याची सूचना वापरली आणि मिळालेल्या शब्दाचा सर्वांत उजवा बाइट व्ही म्हणून घेतला. परंतु एमलोड नेहमी ३२ बाइट वाचते. व्ही त्या शब्दात सर्वांत डावीकडे होता आणि उजवीकडे मेमरीत पुढे जे काही असेल ते, बहुधा शून्य. सहीवरून सही करणाऱ्याचा पत्ता काढणाऱ्या इकरिकव्हर या फंक्शनला व्ही २७ किंवा २८ लागतो. दुसरे काही दिले तर ते रिव्हर्ट होत नाही, शून्य पत्ता परत देते.

त्या शून्य पत्त्याने मला खरोखर धास्ती वाटली. माझी तपासणी अशी होती की सहीवरून निघालेला पत्ता आणि नोंदीतला देणाऱ्याचा पत्ता समान असावेत. ज्या किल्लीवर नोंदच नाही, तिथे देणाऱ्याचा पत्ताही शून्यच असतो. म्हणजे निरर्थक ६५ बाइट आणि अस्तित्वात नसलेली किल्ली दिली की दोन शून्ये जुळतात, आणि न दिलेले प्रमाणपत्र रद्द झाल्याचा इव्हेंट साखळीवर कायमचा उमटतो. आता तीन तपासण्या आहेत: लांबी बरोबर ६५ आहे का, निघालेला पत्ता शून्य तर नाही ना, आणि नोंद खरोखर अस्तित्वात आहे का. असेंब्ली मी काढून टाकली. सही कॉलडेटात घेतली की तिचे तुकडे थेट करता येतात: पहिल्या ३२ बाइटांचे बाइट्स३२, पुढच्या ३२ चे बाइट्स३२, आणि ६४ व्या स्थानावरच्या एका बाइटचा युइंट८. हे वाचायला सोपे आहे आणि मर्यादेबाहेर हात गेला तर व्यवहार आपोआप थांबतो. एस च्या वरच्या अर्ध्या मूल्यांमुळे एकाच संदेशाची दुसरी वैध सही तयार करता येते, म्हणून अखेरीस हे तुकडेही ओपनझेपेलिनच्या, सह्या तपासणाऱ्या ईसीडीएसए लायब्ररीकडे सोपवले. तरी ते एकदा स्वतः लिहून पाहिल्याचा मला उपयोग झाला. लायब्ररी कशापासून वाचवते ते आता मला नेमके सांगता येते.

सहीसाठीचा संदेश ईआयपी-७१२ या मानकाप्रमाणे बांधतानाही हाच भेद समोर आला. तिथे स्ट्रिंग आणि बाइट्स यांचा आधी हॅश घेतला जातो, बाइट्स३२ मात्र तसेच ठेवले जाते आणि बाइट्स८ सारख्या लहान प्रकारांना शेवटी, म्हणजे उजवीकडे, शून्ये जोडून ३२ बाइट केले जातात. आता हे वाचताना मला अडखळायला झाले नाही.

शेवटचे काम नोंदीच्या स्ट्रक्टची, म्हणजे एकत्र बांधलेल्या चलांच्या गटाची, मांडणी हे होते. पहिल्या स्लॉटमध्ये आयपीएफएसचा ३२ बाइटांचा हॅश ठेवला. दुसऱ्यात पत्ता २० बाइट, वेळ युइंट६४ मध्ये ८ बाइट, प्रकार युइंट१६ मध्ये २ बाइट आणि रद्द झाल्याची खूण १ बाइट, असे ३१ बाइट एकत्र बसवले. वेळेला युइंट३२ पुरला असता, पण त्याची मर्यादा २१०६ साली संपते आणि प्रमाणपत्रांच्या बाबतीत एवढ्या दूरचा विचार करणेही मला अवाजवी वाटले नाही. जागा होती, म्हणून युइंट६४ घेतला. फंक्शनांच्या आतल्या तात्पुरत्या चलांना मात्र मी युइंट२५६ च राहू दिले. ईव्हीएम मुळात ३२ बाइटांवरच काम करत असल्याने सुटा युइंट८ स्वस्त पडत नाही, उलट वरचे बिट साफ ठेवण्यासाठी जास्तीच्या सूचना लागतात. लहान प्रकारांचा लाभ शेजारी बसून एक स्लॉट वाटून घेण्यात आहे. नऊ नव्या स्लॉटांच्या जागी दोन आले, १,९८,९०० च्या जागी ४४,२०० गॅस, आणि त्यावर शीर्षकाच्या लॉगचा अल्प खर्च.

टेस्ट नेटवर्कवर डिप्लॉय केल्यावर मी पुन्हा एकदा दुसरा स्लॉट कच्च्या स्वरूपात वाचला. स्ट्रक्टमध्ये जो सदस्य आधी घोषित केलेला असतो तो स्लॉटमध्ये सर्वांत उजवीकडे बसतो, त्यामुळे डावीकडून वाचताना सगळे उलट क्रमाने येते: एक रिकामा बाइट, मग खुणेचा शून्य बाइट, मग प्रकाराचे दोन, मग वेळेचे आठ, ज्यांतले पहिले चार अजून शून्यच आहेत, आणि शेवटी पत्त्याचे वीस बाइट. हाताने लिहिलेल्या अपेक्षित मूल्याशी मी ते चौसष्ट हेक्स अंक एकेक करून जुळवले. सगळे जुळले. त्यानंतर जुन्या नोंदींची आयात पुन्हा चालवली आणि प्रत्येक देणाऱ्याच्या पत्त्यावरून एकेक नोंद रद्द करून पाहिली. या वेळी प्रत्येक ठिकाणी खुणेचा तो एक बाइट शून्याचा एक झाला.